ऑस्करची राहिलेली ओ

पाचूबंदर, वसई
९ सप्टेंबर २०२५

पीटर,

आधी आली ती प्रेमलता. शेजारची. मांदेलीची टोपली अजून काखेत, आणि दारातूनच हाक, "कॅथरीनबाय, दोन मानसं तुला सोधीत आयलीत, एक पाद्री हाय." मी म्हटलं पाद्री कशाला येईल, अजून मेले नाही मी. तेवढ्यात मागून ती दोघं आलीच. पोरगी नेहल, विरारची, कॉलेजात भाषांचा अभ्यास करते, केस पोरासारखे कापलेले पण हसणं गोड. आणि फादर ग्लेन, भुईगावचा, पाद्री होणाऱ्या मुलांना बायबलच्या काळातल्या भाषा शिकवतो. चपला दाराबाहेर काढून आत आला, म्हणजे घरचं वळण चांगलं. त्यांना आपल्या आळीतल्या जुन्या प्रार्थना ऐकायच्या होत्या. कोणीतरी सांगितलं म्हणे, पाचूबंदरच्या कॅथरीनबायला सगळ्या येतात. कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. तू नक्की नसणार.

तू मागच्या नोव्हेंबरात मला बजावलंस की यापुढे फोन करायचा नाही, काय असेल ते लेखी कळवा. एवढे दिवस गप्प बसले. आता लेखी कळवते. ण सगळीकडे जपून घालतेय, चौथी पास बाई जपून घालेल तेवढा. तरी मास्तर, तुला लाल शाई काढायची असेल तर काढ.

फादरने मला विचारलं, येशू कुठली भाषा बोलायचा सांगा. मी म्हटलं लॅटिन, मी लहान असताना चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची. तो हसला, पण वाईट नाही हसला. म्हणाला, अरामी. घरात अरामी, बाजारात अरामी, होडीत अरामी. आणि गालीलच्या तळ्यावरच्या मासेमारांची अरामी तर अशी की यरुशलेमची शहाणी माणसं ऐकून हसायची. पीटर, मला इतका आनंद झाला की सकाळचे तळलेले बोंबील मी दोघांच्या पुढे ठेवले. नेहल मासे खात नाही म्हणाली. तिचे पण फादरने खाल्ले.

मग मी त्यांना आपली ओ समजावून सांगितली. अंधारात होडी बंदराला लागते तेव्हा काठावरची बाई विचारते, कोन आयला. होडीतून ओ येते, मीच आयलो, दोर घ्या. ओ आल्याशिवाय काठावर कोणी दोर धरत नाही. आणि आपल्या आळीत माणूस मेला की कबरीवर त्याची बायको तशीच हाक मारते, आणि मेलेल्याच्या वतीनं त्याच्या आईच्या पोटचा भाऊ ओ देतो. दुसऱ्या कुणाची चालत नाही. नेहलने विचारलं, आजोबांच्या, म्हणजे माझ्या ऑस्करच्या, वेळी ओ कोणी दिली. मी सांगितलं, कोणी नाही. मी हाक मारली आणि माझ्या दिराने माईक घेऊन पुस्तकातली प्रार्थना सुरू केली. सगळे त्याच्या मागे म्हणायला लागले. माझी हाक तिथेच राहिली.

तुझा भाऊ अजून होडीतच उभा आहे, पीटर. वीस नोव्हेंबरला त्याची वर्षाची मिस्सा. मग कबरीवर जायचं. त्या दिवशी तू ओ द्यायची. मी विनवणी करत नाही. त्या आईच्या पोटचं तुझ्याशिवाय दुसरं कोणी उरलं असतं तर तुला पत्र लिहायला मी काय वेडी आहे.

कॅथरीन


उमेळे, वसई
१६ सप्टेंबर २०२५

श्रीमती कॅथरीन वहिनी यांस,
ख्रिस्ताठायी नमस्कार.

आपले पत्र मिळाले. लाल शाई काढली नाही. कागद पुरला नसता.

आपण एका तरुण धर्मगुरूचे अर्धे वाक्य ऐकून त्यावर आपली इमारत उभी केली आहे. प्रभू येशू घरी अरामी बोलत असे, हे मी माझ्या रविवारच्या बायबल वर्गात गेली कित्येक वर्षे शिकवत आलो आहे. परंतु तो सभास्थानात उभा राहिला तेव्हा त्याने यशया संदेष्ट्याची गुंडाळी उघडली आणि ती हिब्रू भाषेत वाचली. घरची भाषा घरी, देवाची भाषा देवाच्या घरी. हा भेद त्याने स्वतः पाळला. तो आपल्याला पाळता येऊ नये?

दुसरे. प्रभूच्या क्रूसावर जी पाटी लावली होती ती हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. त्या पाटीवर मासेमारांची बोली नव्हती. हे आपल्या फादरना अवश्य विचारा.

ऑस्कर होडीत नाही. त्याचा देह दफनभूमीत आहे आणि आत्मा प्रभूजवळ आहे, आणि प्रभूला मराठी समजते. मी कबरीवर जी प्रार्थना म्हटली ती मान्य पुस्तकातील होती. धर्मग्रामातील शंभर माणसे तिथे उभी होती, डॉक्टर होते, माझ्या शाळेतील शिक्षक होते. त्यांच्यासमोर बाजारातल्यासारखी हाकाटी करणे मला प्रशस्त वाटले नाही, आजही वाटत नाही.

मिस्सेला मी सहकुटुंब हजर राहीन. ओ देणार नाही.

पीटर


पाचूबंदर
२४ सप्टेंबर २०२५

पीटर,

तुझं पत्र मी प्रेमलताला वाचून दाखवलं. हिंदू बाई, तिला यशया कोण ते माहीत नाही, पण 'प्रशस्त' शब्दाला तिने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "ह्यो तुजा दीर घरान पन असाच बोलतं का गं." मी म्हटलं, घरात त्याच्याशी कोण बोलतं ते मला ठाऊक नाही.

माझे गुडघे या आठवड्यात बरे आहेत. मुंबईहून नात आली होती, तिने आयुर्वेदिक तेल आणलं, वास भयंकर, पण लागू पडलं. तिने मला टीव्हीवर एक चॅनल पण लावून दिलं जे आधी दिसतच नव्हतं. सांगायचं ते हे, की मी आनंदात आहे, आणि तुझ्या पत्राने आणखी झाले, कारण प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे जबाब आहे. फादर ग्लेन रविवारी परत आला होता. मी तुझा कागद पुढे धरूनच विचारलं.

पाटी तीन भाषांत होती, खरं आहे. पण ती लावली कुणी? पिलाताने, रोमी सुभेदाराने. सरकारी पाटी. वसई स्टेशनवरही पाटी तीन भाषांत आहे, म्हणून स्टेशनवर कोणी तीन भाषांत रडत नाही. पाटीच्या खाली जो लटकला होता तो मरता मरता ओरडला ते घरच्या भाषेत. देवा, तू मला का टाकलंस, हे त्याने अरामीत विचारलं. हिब्रूत नाही, ग्रीकमध्ये नाही. आणि फादर म्हणाला, खाली उभ्या असलेल्यांतल्या कित्येकांना ते कळलंच नाही, त्यांना वाटलं हा दुसऱ्याच कुणाला बोलावतोय. शहरातली माणसं होती, असतील तुझ्यासारखी.

माझा ऑस्कर गेला तेव्हा तू उमेळ्याहून यायला निघाला होतास, रस्त्यात होतास. तो शेवटचं काय बोलला तुला माहीत नाही. "पानी नको, पाय धर," म्हणाला. मी पाय धरले. प्रभूला मराठी समजते हे मला ठाऊक आहे, पीटर. तुझी मराठी ऑस्करला समजत नव्हती.

आणि एक सांगते, हे फादरने सांगितलं नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, नुसता अर्थ आता कळला. येशूला धरून नेलं त्या वेळी संत पेत्र अंगणात शेकत बसला होता. लोक म्हणाले तू पण त्यांच्यातलाच, तुझ्या बोलण्यावरून कळतं. मासेमार तो, गालीलचा, तोंड उघडलं की कळायचंच. आणि तो म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. तुझं नाव आयेने त्याच्यावरून ठेवलं. फरक एवढाच की कोंबडा आरवल्यावर तो रडला तरी. उमेळ्याला चौथ्या मजल्यावर कोंबडा ऐकू येत नसेल.

वीस नोव्हेंबर.

कॅथरीन


उमेळे
४ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

आपण मर्यादा सोडली आहे. संत पेत्राचे उदाहरण देऊन दिराला धर्मद्रोही ठरवणे हे चौथी पास असूनही आपल्याला चांगले जमले.

शेवटचे दोन मुद्दे मांडतो आणि हा पत्रव्यवहार थांबवतो.

एक. चारही शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली. संत पौलाची पत्रेही ग्रीकमध्ये. अरामी बोलणाऱ्याचे शब्द ग्रीकमध्ये का लिहिले, हे आपल्या फादरना विचारलेत का? कारण ग्रीक दूरदूरच्या बंदरांतील माणसांना कळत होती. ती सर्वांची भाषा होती. ते शब्द मासेमारांच्या बोलीतच ठेवले असते तर गालीलच्या तळ्याबाहेर गेले नसते आणि आज आपण दोघे ख्रिस्ती नसतो. मी माईकवर सर्वांना समजेल असे बोललो, तर गुन्हा काय केला?

दोन. आपण वारंवार माझ्या भाषेवर येता म्हणून सांगतो. अध्यापक विद्यालयात पहिल्या दिवशी मी 'पानी' म्हणालो आणि वर्ग हसला. मुलगे हसले, मुली हसल्या, शिकवणारे गुरुजीही हसले. वर्षभर मला त्याच नावाने हाक मारत. मी रात्री आरशासमोर नव्हे, मोरीत बसून 'ण' घोकला. सुट्टीत घरी आलो आणि 'पाणी' म्हणालो. तेव्हा कोण हसले? तुम्ही आणि ऑस्कर. ओटीवर बसून, जाळे दुरुस्त करताना. "मास्तर आयले, त्यांना पा-णी द्या," असे तुम्ही सगळ्या आळीला ऐकू जाईल असे म्हणालात. त्या सुट्टीनंतर मी तुमच्या ओटीवर तोंड उघडले नाही. आता त्याच ओटीवरची बोली मी शंभर लोकांपुढे बोलावी अशी आपली अपेक्षा आहे.

दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, मी रीतीप्रमाणे भावाच्या कबरीवर मेणबत्ती लावायला येणार आहे. आपण त्या वेळी माझ्याशी बोलू नये.

पीटर


पाचूबंदर
३ नोव्हेंबर २०२५

पीटर,

हसलो. मजा आली म्हणून हसलो. सगळी आळी हसली. तू इतका गोरामोरा झाला होतास, कॉलर बटण लावून बसलेला, हसू नको तर काय करू. ऑस्करने सुट्टी संपल्यावर तुझ्या वर्गासाठी पापलेट पाठवली ते तू लिहीत नाहीस. आणि ग्रीकचा तुझा मुद्दा बरोबर आहे. फादर ग्लेनला विचारलं, तोही म्हणाला, बरोबर आहे. तो तुझा धर, मला नको.

पण कालचं काय?

तू म्हणालास बोलू नको, मी बोलले नाही. कबरीवर झेंडू घातले, मेणबत्त्या लावल्या. कबरस्तानात माणसं मावत नव्हती, शेजारच्या कबरीवाल्यांनी स्टूल आणलं होतं, त्यावर मी टेकले. तू आलास, पांढरा शर्ट, हातात मेणबत्त्यांचं पाकीट. ऑस्करच्या पायाशी उभा राहिलास. मला वाटलं, लोक आपापल्या कबरींवर आहेत, माईक नाही, डॉक्टर नाही, तुझे शाळेतले कोणी नाहीत. आता तरी देईल. म्हणून मी हाक मारली. तुला नाही, त्याला. हळू आवाजात, शेजारणीला पण ऐकू गेली नाही. कोन आयला रं अंधारान.

तू तोंड उघडलंस. मी पाहिलं, पीटर. ओठ उघडले, हनुवटी हलली. मी जागची हलले नाही. आणि तू तोंड मिटलंस. तुझा चेहरा लाल झाला, कान लाल झाले, आणि तू पाकीट कबरीवर टाकून चालू लागलास. मेणबत्त्यांचं पाकीट. त्याच्या छातीवर, जसं कोणी चिंध्या टाकतं.

माझा अपमान कर, मी माघारी देऊ शकते. त्याला देता येत नाही. जिवंतपणी तो तुला काही बोलला नाही, तू भांडलास तरी नाही. दुसऱ्यांदा हाक मारली आणि दुसऱ्यांदा तू त्याला होडीत ठेवून गेलास. तोंडाशी आलेली ओ गिळलीस. इतका कसला रे माज.

वीस तारखेला येऊ नकोस. तुझ्याशिवाय ओ होत नाही, तर राहू दे. मी एकटीच हाक मारीन आणि गप्प बसेन, लोकांना काय बघायचं ते बघू दे.

कॅथरीन


उमेळे
८ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

मी माज केला नाही. दोन तारखेला मला उन्हाचा त्रास झाला म्हणून मी निघालो. पाकीट टाकले नाही, ठेवले. आपल्याला उंचावरून ठेवलेले टाकल्यासारखे दिसले असेल.

मला ओ येत नाही असा जर आपला ग्रह झाला असेल, तर तो चुकीचा आहे. माझ्या वडिलांसाठी माझ्या काकांनी ती दिली तेव्हा मी तिथे होतो. आईचा हात धरून उभा होतो. ती मला चांगली आठवते. ती अशी आहे:

मीच आयलो, आईचा मुलगा,
बापाच्या बंदरात आयलो,
इत्यादी.

ती न देण्याचे कारण तत्त्वाचे आहे, स्मरणाचे नाही. वीस तारखेला येऊ नको असे आपण लिहिले आहे. ऑस्कर माझा सख्खा भाऊ आहे. मी येणार.

पीटर


पाचूबंदर
१४ नोव्हेंबर २०२५

पीटर,

इत्यादी.

मी पत्र घेऊन ओटीवर बसले होते, वाचलं आणि इतकी हसले की प्रेमलता धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला. काय झालं ते मी तिला सांगितलं नाही. हे पत्र मी कुणालाच दाखवलं नाही, दाखवणार नाही. पण तुला सांगते. मेलेला माणूस होडीतून 'इत्यादी' म्हणेल तर काठावरून दोर कोण फेकेल?

तुला येत नाही, पीटर.

तुला येत नाही असं मी म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं माज. ग्रह झाला तो तुझा तुलाच. कबरीवर तू तोंड उघडलंस आणि आत काही सापडलं नाही. मागच्या वर्षी माईक पण म्हणूनच उचललास, नाही का? शंभर माणसं बघत होती, मी हाक मारली, आणि मास्तरला उत्तर येईना. आता तू लिहिशील की असं नाही. लिही. टपालखर्च तुझा.

वर्षभर मी रागाने जळले तो राग आता कुठे ठेवू कळत नाही. तो पुरता गेला असं समजू नकोस. पाकीट तू टाकलंसच.

बुधवारी फादर ग्लेन आला होता. मी तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, उमेळ्याचा एक मास्तर आहे, त्याला आपल्या घरची प्रार्थना आठवत नाही, आता तो काय माणसातून गेला का. फादर म्हणाला, तसं असेल तर सगळे यहुदीच माणसातून गेले. मग त्याने सांगितलं ते तुझ्या बायबल वर्गात तू शिकवलं असशीलच, तरी ऐक. त्या लोकांना धरून बॅबिलोनला नेलं होतं. आता ते इराकात येतं, आपली पोरं गल्फला जातात त्या बाजूला. त्यांची पोरं, नातवंडं परत आली तेव्हा घराघरात अरामी बोलत होती. आणि शास्त्र हिब्रूत. आपल्याच आज्या-पणज्यांचं शास्त्र, आणि उभं राहून ऐकलं तरी कळेना. कुणी त्यांना हाकलून दिलं नाही. पुढे सभास्थानात दोन माणसं शेजारी शेजारी उभी करायची रीत पडली. एक जण गुंडाळीतून हिब्रू वाचायचा. दुसरा तेच घरच्या बोलीत सांगायचा. सांगणाऱ्याने हातात लिहिलेलं काही धरायचं नाही, तोंडपाठच सांगायचं. आणि वाचणाऱ्याने मध्ये सांगायचं नाही. एकाची दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ नको, म्हणून सक्त नियम होता म्हणे.

मला हे फार आवडलं. म्हणजे येशू हिब्रू वाचत होता तेव्हा शेजारी कोणीतरी माझ्यासारखा उभा असणार. हे तू पत्रात लिहिलं नव्हतंस, अर्धंच लिहिलं होतंस, अर्ध्या वाक्यावर इमारत.

तर आता ऐक. तू वीस तारखेला ये. तू तुझ्या पुस्तकातून शुद्ध वाच, डॉक्टरांना, शिक्षकांना, सगळ्यांना कळेल असं. मी शेजारी उभी राहून घरच्या बोलीत सांगीन. मी हातात काही धरणार नाही, धरलं तरी चष्म्याशिवाय वाचता येत नाही. मग मी हाक मारीन. आणि ओ मी तुला एकेक ओळ हळू सांगीन, तू मोठ्याने द्यायची. शिकवायला मला आवडत नाही आणि तुला शिकायला आवडणार नाही. पण ओ तुझ्याच तोंडून यायला हवी, माझ्या तोंडून आली तर ती त्याची होत नाही.

हे तुझ्यासाठी करत नाही.

कॅथरीन


उमेळे
१७ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

खालील अटींवर.

माईक असणार नाही. आपले फादर आणि ती मुलगी उपस्थित असणार नाहीत आणि कोणी फोनवर काही टिपणार नाही. ओळी सांगताना आपण तोंडावर पदर धरावा, म्हणजे लोकांना दिसणार नाही. मला 'मास्तर' म्हणू नये. ओळ एकदाच सांगावी, मी बहिरा नाही. नंतर चहाला थांबण्याचा आग्रह करू नये.

मी हे मान्य केले म्हणजे मला येत नाही हे मान्य केले, असा अर्थ काढू नये.

पीटर


पाचूबंदर
२२ नोव्हेंबर २०२५

पीटर,

तू म्हणशील मी तिथेच होतो, मला काय सांगतेस. होतास, पण डोळे गच्च मिटून होतास. काय झालं ते मी पाहिलं, म्हणून सांगते.

तू पुस्तक वाचलंस ते चांगलं वाचलंस. आवाज फुटला नाही. तुझ्या बाजूला मी उभी राहिले तेव्हा तू अर्धं पाऊल सरकलास, तेही मी पाहिलं. लांब सरकलास. तुझी एक ओळ झाली की मी सांगत होते. आधी लोक तुझ्याकडे बघत होते. मग आळीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. प्रेमलता मागे भिंतीशी होती, तिने डोक्यावर पदर घेतला. तुझ्या थोरल्या पोराने पण मान वर केली. त्याला काही कळलं नसेल, इंग्रजी शाळेतला तो, पण ऐकत होता.

मग मी हाक मारली. कोन आयला रं अंधारान. आणि तोंडावर पदर धरला, तू सांगितलंस म्हणून, उकाड्यात, गुदमरले.

पहिली ओळ मी सांगितली, मीच आयलो, आयेचा पोर. तू मोठ्याने म्हणालास. तुझा आवाज ऐकून मला एकदम कसंतरी झालं, कारण बोलताना तू वेगळा वाटतोस, पण ओरडलास की ऑस्करसारखा. दुसरी ओळ सांगितली, बापाचे बंदरान लागलो. तीही दिलीस.

तिसरी मी सांगितली नव्हती, पीटर. पदर सरकला होता तो सारखा करत होते. तेवढ्यात तू म्हणालास,

जालं भरलं, हात थकलं,
आता दोर घ्या.

माझ्या आधी. तिसरी आणि चौथी, दोन्ही. 'जालं' म्हणालास, 'जाळं' नाही. कुठून आली ती मला ठाऊक नाही, तुलाही नसेल. तुझा हात पुढे झाला होता, मूठ वळलेली, आईचा हात धरल्यासारखी. मी माती उचलली आणि टाकली, तोच आपला दोर. मग आळीतल्या बायकांनी टाकली. घेतला दोर, असं कोणीतरी म्हणालं, बहुतेक प्रेमलताच, तिचा काही संबंध नसताना.

नियम मोडलास. ओळ मी सांगायची आणि तू द्यायची असं ठरलं होतं. विचारल्याशिवाय पुढे गेलास. आणि मग फाटकाशी मला काय म्हणालास, तर "तुम्ही फार संथ सांगता." एवढंच. चहाचा आग्रह मी केला नाही, अटीप्रमाणे. नुसता चहा ठेवला होता, बिस्किटं ठेवली होती, कोणी आग्रह केला नाही. तुझा कप प्रेमलता प्यायली. तुझी बायको मात्र बसली, चांगली बाई आहे, तुझ्या नशिबाने.

तुझ्यावरचा राग मी वर्षभर सांभाळलाय, तो एका सकाळीत सोडून द्यायला मला येत नाही. पाकिटाचं मी विसरणार नाही. पण ऑस्करला ओ मिळाली आणि ती त्याच्याच भावाने दिली. काल दुपारी मी ओटीवर झोपले आणि हाक मारायची राहिली असं वाटून वर्षभर यायची तशी जाग आली नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती तुला आवडणार नाही. काल फादर ग्लेन आणि नेहल आले होते. तुझी अट कबरीवरची होती, ओटीवरची नव्हती. नेहलने विचारलं ओ म्हणून दाखवाल का. मी म्हटलं, हाक माझी, ओ माझी नाही, मी बाई आहे आणि परक्या आईच्या पोटची. मग कोणाला येते, तिने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. उमेळ्याचा पत्ताही दिला.

रागावशील, रागाव. पण विचार कर. ऑस्करला तू होतास. तुझ्यामागे त्या आईच्या पोटचं कोणी नाही. तू जाशील तेव्हा तुझी बायको हाक मारील, बिचारीला मी शिकवीन, आणि ओ कोण देणार? तेव्हा रीत थोडी वाकवावी लागेल, पोराने बापाची द्यावी, असं काहीतरी. फादर म्हणतो अशा रीती वाकतात. पण ओळी तरी कुणाला यायला हव्यात. तुझे मुलगे तर इत्यादीसुद्धा म्हणू शकत नाहीत. आणि ते तू शिकवायचं, मी नाही. मी संथ सांगते.

पत्ता दिला तरी नेहल एकदम तुझ्या दारात येणार नाही, भिते. तू माझ्या ओटीवर आलास तर तिथेच ऐकेल. थोरल्याला घेऊन ये. आलास तर चहा मिळेल, बोलणं मिळणार नाही. सात डिसेंबरला, रविवारी, सकाळच्या मिस्सेनंतर येतो असं ती दोघं सांगून गेलीत.

कॅथरीन